कढईत भाजलेलं सिलिका जेल

माझं आणि मामांचं पहिल्या दिवसापासून पटलं नाही. ते आमच्या प्रयोगशाळेतले मदतनीस. आमच्या कॉलेजात शिपाई, मदतनीस, पाण्याचा पंप चालवणारे अशा सगळ्यांना मामा म्हणायची पद्धत आहे, म्हणून तोंडाने मीही मामा म्हणायचे. मनात मात्र त्यांना 'हा' म्हणायचे. हा अजून उगवला नाही. हा कुठे उलथला. याला एक काम धड सांगायची सोय नाही.

खरं तर कामात त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांचा संथपणा मला सहन होत नव्हता. पीएच.डी.चं पाचवं वर्ष चालू होतं, वय बत्तिशीकडे झुकलं होतं, शिष्यवृत्ती संपली होती, आणि 'अजून किती?' हा प्रश्न पनवेलच्या भाजी मार्केटातल्या ओळखीच्या बायकासुद्धा विचारायला लागल्या होत्या. अशा वेळी एक माणूस झडप उघडायला दोन मिनिटं लावतो, हे बघताना माझ्या डोक्याची शीर उडायची.

ती झडप कसली ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

माझं काम गॅलियम नायट्राइडवर होतं. हल्ली मोबाइलचे जे छोटे आणि भराभर चार्ज करणारे चार्जर येतात, त्यातल्या काहींत हा अर्धवाहक असतो. चांगला दणकट पदार्थ, जास्त व्होल्टेज सोसतो, तापला तरी डगमगत नाही. त्याची सगळी दुखणी वरच्या पृष्ठभागावर. आत प्रत्येक अणूचे हात शेजाऱ्यांच्या हातात गुंतलेले असतात. सगळ्यात वरच्या थरातल्या अणूंचे काही हात मोकळे राहतात, आणि मोकळे हात समोर येईल ते धरून बसतात. मग जिथून वीज वाहायला नको तिथून ती झिरपते. हे मोकळे हात कशात तरी गुंतवून टाकायचे आणि वरून पातळ पांघरूण घालायचं, याला पॅसिव्हेशन म्हणतात. कुणी तरी 'निष्क्रियीकरण' असा मराठी शब्द केला आहे, तो माझ्या तोंडात बसत नाही.

माझी पद्धत अशी होती : नखाएवढा तुकडा आम्लात धुवायचा, मग अमोनियम सल्फाइडमध्ये बुडवायचा. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. वारा फिरला की खालच्या मजल्यावरचे लोक तळोज्याच्या एखाद्या कारखान्यातून वायू सुटला म्हणून खिडक्या लावायला धावायचे आणि मग मला शिव्या घालायचे. सल्फरने ते मोकळे हात धरले की तुकडा कोरडा करून एका जाड काचेच्या बरणीत ठेवायचा. वरचा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर घालायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. मुंबईतल्या एका संस्थेत पाळी लागायची तेव्हा लागायची. तोवर तुकडे त्या बरणीत. बरणीच्या तळाशी सिलिका जेलचे निळे दाणे, त्यावर भोकांची चिनी मातीची चकती, चकतीवर तुकड्यांच्या उघड्या बशा. पंपाने आतली हवा काढून टाकायची. दाणे उरलीसुरली ओल पितात आणि गुलाबी पडतात. भाजले की पुन्हा निळे होतात.

आठवड्याला ते दाणे ओव्हनमध्ये भाजणं, पंप लावणं आणि बरणी उघडायच्या आधी झडपेतून हवा आत सोडणं ही मामांची कामं. झडप ते केसाएवढी फिरवायचे, थांबायचे, पुन्हा केसाएवढी. दोन मिनिटं. मी समोर पाय आपटत उभी.

"मामा, हवाच सोडायची आहे ना? मग सोडा की."

"सोडताव मॅडम. येकदम सोडली का आतला धुरला उडतो."

मला वाटायचं, कामचुकारपणाला कारण शोधावं तर यांनीच.

एका दुपारी बशा सुकवायला म्हणून मी ओव्हन उघडला आणि तोंडावर सुकटीचा भपकारा आला. आत वरच्या जाळीवर स्टीलचा डबा. खालच्या जाळीवर माझं जेल.

नियमाने माझं बरोबर होतं. प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये जेवण गरम करायचं नसतं, हे अकरा वर्षं तिथे काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं. तेवढं बोलून मी थांबले असते तर काहीच बिघडलं नसतं. पण मी थांबले नाही. एम.टेक.ची चार मुलं टेबलाशी होती, त्यांच्यासमोर मी चिमट्याने तो डबा बाहेर काढला. हाताने नाही, चिमट्याने. आणि म्हटलं, "आमच्या घरात असलं काही शिजत नाही, त्यामुळे आम्हाला वास तरी कळतो. तुम्हाला सवय झालीय, तुम्हाला काय कळणार?"

मामांनी डबा घेतला. "कँटीनवाला तापवून देत नाय मॅडम. निस्ता कोमट करत होतू. परत नाय ठेवनार."

ते खरंच परत ठेवणार नव्हते. पण मला तेवढ्याने शांत वाटेना. मी फर्मान काढलं की यापुढे माझ्या बरणीला, जेलला आणि तुकड्यांना त्यांनी हात लावायचा नाही. त्या ओव्हनमध्ये माझं जेल मी ठेवणार नाही. मी ते घरी नेऊन भाजेन, स्वच्छ जागेत.

'स्वच्छ जागेत' हे शब्द मी मुद्दाम जरा मोठ्याने म्हटले होते.

घरी भाजायचं कशात, हा प्रश्न होता. आईची एक लोखंडी कढई आहे, म्हणजे होती. तिच्यात आई फोडणी करायची नाही, तेल घालायची नाही, तिला पाणीसुद्धा लावायची नाही. कोरडं भाजायला म्हणून ती वेगळी ठेवलेली, कपड्याने पुसून उलटी टांगलेली. मला आणखी काय हवं होतं? दुपारी आई देवळात पोथीला गेली की मी पिशवीतून गुलाबी दाणे कढईत ओतायचे, मंद आचेवर उलथन्याने हलवत बसायचे, निळे झाले की डब्यात भरायचे, आणि आई यायच्या आत कढई पुसून जागच्या जागी. तिला सांगितलं असतं तर तिने दहा प्रश्न विचारले असते. मला त्या दिवसांत कुणाचाही एक प्रश्न सहन होत नव्हता.

झडपही आता मीच उघडायचे. एका झटक्यात. फुस्स करून हवा आत जायची, झाकण सुटायचं, काम झालं. दोन मिनिटं वाचवल्याचं मला रोज नव्याने समाधान वाटायचं.

त्यानंतरचे तुकडे बिघडायला लागले.

आधीच्या तुकड्यांचे आलेख इतके चांगले होते की सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, त्यांचा एक कागद काचेखाली ठेवून आल्यागेल्याला दाखवायचे. आता मोजायला बसलं की गळतीचा प्रवाह कितीतरी पटींनी वर. मोजमाप काळ्या पेटीत करावं लागतं, कारण एकदा उजेड पडला की हा पदार्थ तो तासन्‌तास विसरत नाही. त्या पेटीशेजारी बसून मी व्होल्टेज वाढवत न्यायचे आणि पडद्यावर रेघ वेडीवाकडी चढायची. उतरवत आणलं की चढलेली वाट सोडून दुसऱ्याच वाटेने उतरायची. म्हणजे वरच्या थरात काही तरी सुटं होतं आणि व्होल्टेजच्या ओढीने इकडून तिकडे सरकत होतं.

सर मुलाखतीला बोलावल्यासारखे मला खुर्चीत बसवायचे आणि स्वतः उभे राहून बोलायचे. "तुकडे फुकट येत नाहीत. तुझ्या हातात गेला की मरतो. आधीचे चांगले आले ते नशिबाने आले का?" मी घरी येऊन आईवर ओरडायचे. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण या तुकड्यांवर अडलेलं होतं, आणि कोरे तुकडे आता तीनच उरले होते.

याच दिवसांत एकदा मी बरणीतलं जेल काढून टेबलावर ओतलं होतं. मामा फरशी पुसत होते. त्यांनी जवळ येऊन दोन दाणे चिमटीत धरले, अंगठ्यावर चोळले आणि अंगठा खिडकीकडे धरून बघितला.

"मॅडम, यात मीठ हाय."

"काय?"

"मीठ. ही पांडरी भुकटी. माजी आय उरनच्या मिठागरावर कामाला होती, मी लानपनी तिच्यासंगं जायचू. मीठ बगून कलतं."

तो माणूस मला उत्तर हातावर आणून देत होता. आणि मला काय दिसलं? मी हात लावू नका म्हणून सांगितलेल्या जेलला याने हात लावला, एवढंच मला दिसलं. "आधी तुमचे हात धुवा," मी म्हटलं. "आणि ते दाणे कचऱ्यात टाका, आता परत आत घालू नका."

त्यांनी दाणे टाकले. हात धुतले. परत फरशी पुसायला लागले.

पंधरा दिवसांनी बिघडलेल्या तुकड्याच्या तपासणीचा अहवाल बाहेरून आला. पृष्ठभागावर सोडियम आणि क्लोरीन. म्हणजे मीठ. सोडियम हा आमच्या धंद्यातला जुना चोर आहे. ऑक्साइडच्या थरात शिरला की व्होल्टेजबरोबर फिरत राहतो, आणि तीच ती दोन वाटांची रेघ. अहवाल वाचून मला आनंद झाला, हे मी आज लपवणार नाही. रागाला पुरावा मिळाला की असा आनंद होतो. मीठ कुणी आणलं ते माझ्या डोक्यात आधीच ठरलं होतं : सुकट खाल्लेले हात, मिठागरावरची आई, आणि स्वतःच्या तोंडाने दिलेली कबुली, 'यात मीठ हाय'.

मी मामांना सगळ्यांसमोर विचारलं. विचारलं कसलं, सुनावलं. आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना अरेतुरे केलं. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठा माणूस.

"माझी पाच वर्षं तू धुळीला मिळवलीस. तुला सांगितलं होतं ना हात लावू नकोस?"

"मी नाय लावला मॅडम. तुमी सांगितल्यापासना त्या बरनीला माजा बोट नाय लागला. फकस्त त्या दिवशी दोन दाने उचल्ले, ते पन टाकले."

"खोटं बोलू नकोस."

जरा शांत डोक्याने विचार केला असता तर एवढं साधं गणित शाळकरी मुलालाही सुटलं असतं. मामा बरणी हाताळत होते तोवर तुकडे चांगले होते. मी हाताळायला लागले आणि बिघडले. दिवसभर आलेख वाचण्यात जिचा जन्म गेला, तिला हा आलेख दिसला नाही.

आता मामांचं काय पणाला लागलं होतं ते सांगते. ते मला तेव्हाही ठाऊक होतं, आणि सगळ्यात लाज त्याचीच वाटते. अकरा वर्षं ते कंत्राटावर होते. त्यांच्या गावची जमीन विमानतळात गेली होती. प्रकल्पग्रस्ताचा दाखला प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ते खिशात बाळगायचे. त्या वर्षी पहिल्यांदाच कॉलेज काही कंत्राटी माणसांना कायम करणार होतं, यादीत त्यांचं नाव होतं, आणि प्रत्येक नावापुढे विभागाचा शेरा जायचा होता. ते कधी नव्हे ते इस्त्रीचा शर्ट घालून यायला लागले होते.

सर म्हणाले, "तोंडी आरडाओरडा करून काय उपयोग? लिहून दे." मी दिलं. दोन ओळी. सदर मदतनीस जेवणाच्या हाताने नमुने हाताळतात. त्यामुळे संशोधनाचे मोठे नुकसान झाले आहे. खाली सही. विभागप्रमुखांनी संध्याकाळच्या आत मामांना प्रयोगशाळेतून काढून मुख्य फाटकावर उभं केलं आणि त्यांच्या नावापुढचा शेरा राखून ठेवला. मी घरी जाऊन पोटभर जेवले.

मामा गेल्यावर पहिला तुकडा मी जिवापाड जपून केला. सगळं नवीन, नवे हातमोजे, नवं आम्ल, नव्या बशा. जेल घरी ताजं भाजून आणलेलं. मोजलं, तर पुन्हा तीच वेडी रेघ, उलट आधीपेक्षा वाईट. आता दोन तुकडे उरले. मी पाण्याला दोष दिला, खाडीवरच्या वाऱ्याला दिला, मुंबईतल्या यंत्रालाही दिला. फाटकावरून एक माणूस दुसऱ्या मजल्यापर्यंत मीठ पोचवू शकत नाही, हे कबूल करायला मला आठवडा लागला.

मग मी बरणी रिकामी केली. चकती उचलून उलटी केली तर तिच्या खालच्या अंगाला, भोकांच्या कडेकडेने, पांढरी बारीक पूड बसली होती. जेल गेलं होतं तळाशी आणि पूड चढली होती वर. प्रयोगशाळेत काहीही तोंडात घालायचं नसतं, हे मी दर वर्षी नव्या मुलांना दम देऊन सांगते. मी बोटाने ती पूड पुसली आणि जिभेला लावली.

खारट.

स्कूटर कशी चालवली आठवत नाही. घरी आले तर दुसऱ्या दिवशी एकादशी म्हणून आई ओट्यापाशी शेंगदाणे भाजत होती. त्याच कढईत. पण शेंगदाणे दिसतच नव्हते, कढईभर करडं पडलेलं मीठ होतं आणि त्यात ते पुरलेले होते. खारे शेंगदाणे असेच भाजतात. मी लहानपणापासून खाल्ले, पण भाजताना कधी मान वर करून बघितलं नव्हतं.

"आई, हे मीठ नंतर कुठे जातं?"

"डब्यात. तेच तर परत परत वापरते."

"आणि कढई? धुतेस?"

"धुतली तर गंजणार नाही का? फडक्याने पुसते. परत त्यात मीठच तर घालायचं असतं."

मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. आईने आधी गॅस बंद केला. मग ते निळे दाणे कशाने निळे असतात ते विचारलं. कोबाल्टचा क्षार असतो, पोटात गेलेला चांगला नाही, हे सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला की तिने मला दोनदा बोलायला लावलं.

"म्हणजे त्यात भाजलेले शेंगदाणे तू मला खाऊ घातलेस? उपासाला? तीन महिने?" आई चिडली की ओरडत नाही, एकेक शब्द वेगळा टाकते. "आणि त्या माणसाच्या डब्याला चिमटा लावलास. त्याची सुकट त्याच्या डब्यात झाकलेली होती. तू तर मला न सांगता माझ्या ताटात कालवलंस."

कुणाला काही झालं नाही. आईच्या तपासण्या केल्या, सगळं ठीक निघालं. पण तिने शेंगदाणे मिठासकट फेकले, आणि ती कढई, तिच्या सासूच्या वेळची, भंगारवाल्याला देऊन टाकली. मी नको म्हणाले तर म्हणाली, "तू मध्ये पडू नकोस."

मी नवं जेल आणलं आणि कॉलेजच्या ओव्हनमध्ये भाजलं. झडप केसाएवढी उघडली, थांबले, पुन्हा केसाएवढी. तेव्हा कळलं की मामांची दोन मिनिटं कशासाठी होती. मी झटक्यात हवा सोडायचे, त्याबरोबर तळाची मिठाची पूड भोकांतून उसळून उघड्या बशांवर बसायची. माझ्या घरचं मीठ, माझ्याच घाईने उडवलेलं. उरलेल्या दोनपैकी पहिल्या तुकड्याची रेघ जशी चढली तशीच, तिच्यावरूनच, उतरली. पाच वर्षांत एवढी सुंदर रेघ मी काढली नव्हती. ती बघून मला रडू आलं. त्यात सुटकेचं किती आणि लाजेचं किती, ते सांगता येत नाही.

इथपर्यंत माझी चूक होती. माणसाच्या हातून चूक होते, असं म्हणून मी तिला माफ तरी करू शकले असते. पुढे जे केलं ते मी समजून उमजून केलं.

मी सरांना सगळं सांगितलं. ते आधी हसले. मग दार लावून घेतलं. "हे बघ, आता प्रबंध दे. परीक्षकांच्या कानावर गेलं की हिने नमुने घरच्या कढईतल्या जेलवर ठेवले होते, तर चांगल्या तुकड्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. मौखिक होऊ दे. मग त्या माणसाचं काय लिहायचं ते लिही." मी म्हटलं, यादी जाईल. ते म्हणाले, "याद्या अशा लगेच जात नाहीत."

याद्या लगेच जात नाहीत हे मला खरं मानायचं होतं, म्हणून मी मानलं. प्रबंधात लिहिलं, 'काही नमुन्यांत अज्ञात स्रोतापासून सोडियमचे प्रदूषण आढळले.' अज्ञात स्रोत. ते टाइप करताना माझी बोटं अडखळली नाहीत.

चार महिने. रोज सकाळी फाटकाशी माझी स्कूटर यायची, मामा आडवा दांडा वर करायचे. मी समोर बघायचे, तेही समोर बघायचे. इस्त्रीचा शर्ट जाऊन आता वॉचमनचा निळा शर्ट आला होता, खांद्यावर सैल. मला त्यांचाच राग यायचा. हा माणूस मला एकदा तरी शिवी का देत नाही? माझ्याकडे रोखून का बघत नाही? एकदा पावसात दांडा अडकला, तर भिजत उभे राहून त्यांनी तो हाताने उचलून धरला. मी त्याखालून गेले.

मौखिक परीक्षा झाली. 'अज्ञात स्रोता'बद्दल परीक्षकांनी एक प्रश्न विचारला, मी पाठ केलेलं उत्तर दिलं. टाळ्या, पेढे, फोटो. दुसऱ्या दिवशी मी पानभर पत्र लिहिलं. कढई, मीठ, झडप, मामांनी वेळीच दिलेला इशारा, माझी खोटी तक्रार, सगळं. विभागप्रमुखांनी ते उभ्या उभ्या वाचलं.

"मॅडम, यादी गेल्या महिन्यात गेली, त्यांचं नाव गाळून. आता हे मी कुठे पाठवू?" त्यांनी पत्र फाइलीत लावलं आणि पेढा घ्यायला हात पुढे केला.

मामांनी त्याच्या आठवडाभर आधी फाटक सोडलं होतं. उलव्याला एका बांधकामावर सिमेंटचं गोदाम सांभाळतात, असं कळलं. मी पत्राची प्रत घेऊन भर दुपारी गेले. चारी बाजूंनी अर्धे उभे टॉवर, धूळ, आणि मिक्सरचा आवाज. मामा पत्र्याच्या शेडमध्ये गोणींवर बसून जेवत होते. माझ्याकडे बघून त्यांनी डब्याला झाकण लावलं. ते झाकण लावणं मी जन्मात विसरणार नाही.

"मामा, जेवा ना तुम्ही."

"झाला जेवून."

मी उभ्यानेच सगळं बोलले. माफी मागितली. पत्र पुढे केलं. त्यांनी हात पुसून ते घेतलं, बोटाने ओळी धरत सावकाश वाचलं. मी पाय आपटले नाहीत. वाचून झाल्यावर खालची तारीख दोनदा बघितली.

"तुमाला कलला कधी? मीठ कडईतला हाय ते?"

खोटं बोलता आलं असतं. "चार महिन्यांपूर्वी," मी म्हटलं. "यादी जायच्या आधी."

त्यांनी मान हलवली. ओरडले नाहीत. "तवा दोन ओली लिवल्या, त्या दिस बुडायच्या आत पोचल्या. हा पान भरून लिवलाव, याचा मी काय करू? आता तुमी डाक्टर झालाव, माजा काय व्हायचा तो झाला." पत्राची घडी घालून त्यांनी ते माझ्याच हातात परत दिलं. मग खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "त्या कडईचा काय केलाव?"

"आईने भंगारात देऊन टाकली."

"बरा केला," मामा म्हणाले. "कडईला तरी सजा झाली."

आणि मी जाईपर्यंत त्यांनी डबा परत उघडला नाही.